गुहागर ते डॅलस: आई-बाबांच्या केबिन बॅगेत काय न्यायचं, काय नाही

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी निघालेत, तुमच्या बहिणीकडे, अमेरिकेत. गुहागरहून गाडीने मुंबई, तिथून एमिरेट्सने दुबई, दुबईत विमान बदलून डॅलस. तिकिटावर केबिन बॅग सात किलो लिहिलंय. आईला कोकमाचं आगळ, आंब्याचा मावा आणि चार नारळ हातातल्या बॅगेतून न्यायचेत, कारण मोठ्या बॅगा आपटतात आणि आतलं फुटतं असं तिने ऐकलंय. बाबांना इन्सुलिन चालू आहे. वाडीतला एक जण म्हणतो सगळं चालतं, दुसऱ्याचं लोणचं मुंबईतच काढून घेतलं. मग खरं कुणाचं?

मी चिपळुणात तिकिटांचं काम करतो. खेड, दापोली, गुहागरकडून आखातात नोकरीला जाणारे, बोटीवर जाणारी मुलं, आणि अलीकडे मुलांकडे जाणारे आई-वडील अशी माणसं माझ्याकडून जातात. काही अडलं की विमानतळावरून फोन मलाच येतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या वाडीतले दोघंही खरंच बोलतायत. घोटाळा होतो तो आपण ‘चालतं का’ एवढंच विचारतो म्हणून. कुठे चालतं आणि कोण बघणार आहे, हे विचारायला हवं.

आईच्या हातातली ती एकच बॅग चार ठिकाणी चार वेगळ्या कारणांसाठी बघितली जाणार आहे. मुंबईत काउंटरवर एअरलाइनचा माणूस वजन आणि आकार बघेल, आत काय आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पुढे सीआयएसएफची, म्हणजे विमानतळावरच्या केंद्रीय सुरक्षा दलाची, सिक्युरिटी विमानाला धोका होईल असं काही आहे का ते बघेल; बॅग सहा किलोची की आठ, हा तिचा प्रश्न नाही. दुबईत पुन्हा सिक्युरिटी, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानासाठी त्यात आणखी थोडी भर. शेवटी डॅलसला कस्टम्स. त्यांना विमानाची काळजी नसते, तुमच्या फळातून आणि धान्यातून कीड किंवा रोग त्यांच्या देशात शिरेल का याची असते. एका ठिकाणी सुटलेली वस्तू पुढच्या ठिकाणी अडू शकते आणि दोन्ही अधिकारी आपापल्या जागी बरोबर असतात.

वजनाचं आधी उरकून टाकतो. एमिरेट्सच्या इकॉनॉमीला माणशी एक केबिन बॅग, सात किलो, ५५ बाय ३८ बाय २२ सेंटीमीटर. भारतातून चढताना तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंटीमीटरच्या आत हवी. हे आकडे एअरलाइनप्रमाणे बदलतात. इंडिगोला सात किलोची बॅग आणि वर लॅपटॉप किंवा बायकांची पर्स तीन किलोपर्यंत चालते, ब्रिटिश एअरवेजला तर एक बॅग २३ किलोपर्यंत नेता येते. म्हणून ‘आमचा भाचा दहा किलो घेऊन गेला’ याला अर्थ नाही, तो कुठल्या विमानाने गेला ते बघावं लागेल. चाकांची कडक ट्रॉली स्वतःच अडीच-तीन किलो खाते. आई-बाबांना मी नेहमी कापडी, हलकी, खांद्याला लावता येईल अशी बॅग सांगतो. सामान भरून झाल्यावर हुकाच्या काट्यावर घरीच तोला आणि सात नव्हे, साडेसहावर थांबा. घरचा काटा आणि काउंटरचा काटा नेमका जुळेलच असं नाही.

आता आगळ. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतला कुठलाही द्रव पदार्थ १०० मिलिलीटरच्या बाटलीत हवा, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत. ती पिशवी साधारण २० बाय २० सेंटीमीटरची असते. माणशी एक. हा नियम २००६ सालचा आहे. त्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये पोलिसांनी एक कट उधळला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अमेरिकेकडे जाणारी विमानं पाडायचा तो कट होता. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून युरोपात १०० मिलिलीटरची मर्यादा आली आणि पुढे जगभर पसरली. हे कारण माहीत असलं की आपलं आगळ घरचं, शुद्ध, बिनविषारी आहे हे सिक्युरिटीला सांगून का उपयोग नाही ते कळतं. बाटलीत काय आहे हे त्या माणसाला बघून ठरवता येत नाही, म्हणून बाटलीचा आकार हीच मर्यादा.

इथेच बहुतेकांची फसगत होते. २०० मिलिलीटरच्या बाटलीत तळाला थोडंसंच आगळ असलं तरी ती बाटली २०० चीच धरली जाते. अर्धी संपलेली टूथपेस्ट, थोडं उरलेलं खोबरेल तेल, सगळ्याला हेच लागू.

मग द्रव कशाला म्हणायचं? मी लोकांना सोपी खूण सांगतो: जे ओतता येतं, फासता येतं किंवा पिळून काढता येतं ते द्रव समजा. आगळ, कोकम सरबत, काकवी, तूप, खोबरेल तेल तर आलंच. आंब्याचा मावा चमच्याला घट्ट वाटतो, पण पोळीला फासता येतो, म्हणून तोही द्रवात. मुरंबा, मोरावळा, आमरसाचा डबा, ओली चटणी आणि तेलात बुडालेलं लोणचं यांचीही तीच गत, म्हणूनच तुमच्या शेजाऱ्याचं लोणचं गेलं. उलट आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, काजू, खाजं, गुळाची ढेप, सुकी आमसुलं हे सिक्युरिटीच्या दृष्टीने घन पदार्थ. त्यांना तिथे सहसा कुणी हरकत घेत नाही. तरी शेवटचा शब्द समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा असतो. त्याला शंका आली तर तो काढायला सांगू शकतो आणि त्या वेळी वाद घालू नये.

म्हणजे आगळ आणि मावा चेक-इनच्या मोठ्या बॅगेत. फुटण्याची आईची भीती खोटी नाही, पण ती बांधणीने घालवता येते. काचेची बाटली नकोच. जाड प्लास्टिकची घ्या, गळ्यापर्यंत भरू नका, झाकण लावताना बाटली किंचित दाबून थोडी हवा काढून टाका. उंचावर विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे बाटलीतली हवा फुगते आणि झाकणाच्या फटीतून रस बाहेर ढकलते. झाकणावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे, मग एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे लागतील अशी जागा. बाबांच्या पांढऱ्या लेंग्यांपासून मात्र लांब. आगळाचा डाग जात नाही.

नारळांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणातून निघालेल्या माणसाच्या बॅगेत नारळ असतोच. अख्खा नारळ भारतात केबिन बॅगेतून नेता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केरळातल्या शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची खास परवानगी दिली गेली, तीही जानेवारी २०२५ पर्यंतच. एरवी मनाई आहे म्हणून तर ती सूट द्यावी लागली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर हातातल्या बॅगेतही नकोत आणि मोठ्या बॅगेतही नकोत. लोकांना हे पटत नाही, पण कारण भक्कम आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. ओलावा आणि ऊब मिळाली की त्या तेलाची हवेशी प्रक्रिया होऊन ते आतल्या आत तापत जातं आणि बाहेरून ठिणगी न लागता पेटू शकतं. माल वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबरं यूएन १३६३ या क्रमांकाने, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात येतं. बोटीवर काम केलेलं कुणी तुमच्या वाडीत असेल तर त्याला विचारा, खोबऱ्याच्या मालाची काय काळजी घ्यावी लागते ते तो सांगेल. मुंबईला एक्स-रेमध्ये वाटी दिसली की चेक-इन झालेली बॅगही बाजूला काढतात, प्रवाशाला बोलावतात, आणि पहिल्यांदाच निघालेल्या वयस्कर माणसांची तिथे फार धावपळ होते. नारळ आणि खोबरं दोन्ही डॅलसला भारतीय दुकानात मिळतात. आईला हे प्रेमाने समजावून सांगा आणि नारळांची जागा आंबापोळीला द्या.

अडकित्ता, विळी, खवणी, कात्री, सुरी हे सगळं मोठ्या बॅगेत. बाबांना पानाची सवय असेल तर त्यांच्या चंचीतला अडकित्ता आधी काढा, तो कुणाच्या लक्षातच येत नाही. काड्यापेटी आणि लायटर घरीच ठेवा.

आता दुबई. तिथे विमान बदलताना पुन्हा सिक्युरिटीतून जावं लागतं, म्हणून मुंबईत आत शिरल्यावर घेतलेली पाण्याची बाटली तिथे काढून घेतली जाईल. रिकामी बाटली जवळ ठेवा, तपासणी झाली की भरून घ्या. ड्यूटी फ्रीमधून काही द्रव घेतलं तर दुकानदार ते पावतीसह सीलबंद पिशवीत देतो. डॅलसला उतरेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही, सील तुटलं की पुन्हा १०० मिलिलीटरचा नियम लागतो. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना जून २०१८ पासून आणखी एक गोष्ट आहे: केबिन बॅगेत ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते, आणि शंका मिटली नाही तर ती नेऊ देत नाहीत. ३५० मिलिलीटर म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनएवढं. कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, मसाला यांची पाकिटं मुंबईत सुटली तरी दुबईच्या गेटवर अडू शकतात, ती अशी. पिठं आणि मसाले सरळ मोठ्या बॅगेत टाका. तिखटाची पूड तर मुंबईलाही हातातल्या बॅगेत नको.

मसाल्यावरून एक गंभीर गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, ती अमली पदार्थांत मोडते. आपल्याकडे घरच्या मालवणी मसाल्यात खसखस घालतात. दुबईला नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आवर्जून सांगतो: आईने दिलेल्या मसाल्यात खसखस आहे का ते विचार, असेल तर नेऊ नकोस. विड्याची पानं आणि पानाचं साहित्यही तिथे मना आहे. तुमचे आई-बाबा दुबईत बाहेर पडणार नाहीत, फक्त विमान बदलणार आहेत. तरीही खसखस असलेला मसाला कुठल्याच बॅगेत ठेवू नका असंच मी म्हणेन. बहिणीसाठी खसखस न घालता वेगळा मसाला करता येतो.

एवढा वेळ खाण्यावर बोललो, पण केबिन बॅगेचा खरा उपयोग वेगळा आहे आणि माझं मुख्य म्हणणं तिथे आहे. आपल्याकडे मोठ्या बॅगेत जे मावत नाही ते हातातल्या बॅगेत कोंबतात. तसं करू नका. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर ज्यावाचून अडेल, ते आणि तेवढंच आधी हातातल्या बॅगेत जायला हवं. राहिलेल्या जागेत खाऊ.

बाबांचं इन्सुलिन या यादीत सगळ्यात वर. ते चेक-इन बॅगेत कधीही टाकायचं नाही. सामानाच्या कप्प्यात गारठून ते गोठू शकतं, गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरण्याजोगं राहत नाही, आणि ते बिघडलंय हे नुसतं बघून कळेलच असं नाही. उलट मे महिन्यात गुहागर ते मुंबई गाडीच्या काचेशी ठेवलेली पिशवीही त्याला चालत नाही. इन्सुलिनची थंड राहणारी पिशवी मिळते, ती घ्या. प्रवासात लागेल ते औषध १०० मिलिलीटरच्या नियमातून सुटतं, पेन आणि सुयाही इन्सुलिनबरोबर असतील तर नेता येतात. मात्र डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवं: रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, औषधाचं मूळ नाव, डोस आणि सुया लागतात असा स्पष्ट उल्लेख. बेल्टवर बॅग ठेवायच्या आधीच ती पिशवी बाहेर काढून ‘इन्सुलिन’ एवढं म्हटलं तरी पुरतं. बाकीच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डबीत सुट्या गोळ्या भरल्या तर त्या कशाच्या आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. वाटेत घड्याळाच्या वेळा बदलल्यावर डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांनाच विचारून कागदावर लिहून घ्या, ते तिकीटवाल्याने सांगायचं काम नाही. आणि हे वाचणारं कुणी दुबईत उतरणार असेल तर लक्षात ठेवा: ट्रमाडॉल, कोडीन, प्रेगाबालिन यांसारखी औषधं तिथे नियंत्रित आहेत, त्यांना आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. मधुमेहात पाय जळजळतात म्हणून प्रेगाबालिन बऱ्याच जणांना चालू असतं.

इतकं नीट भरूनही एक धोका राहतो. विमान भरलेलं असलं की वरच्या कप्प्यांत जागा पुरत नाही, आणि ऐन गेटवर कर्मचारी म्हणतात, ही बॅग द्या, आम्ही खाली टाकतो. आपली माणसं गोंधळतात आणि बॅग जशीच्या तशी देऊन टाकतात. आत इन्सुलिन असतं, पासपोर्टची झेरॉक्स, दागिने, फोनचा चार्जर. म्हणून बॅगेच्या आत एक वेगळी छोटी पिशवी ठेवा, एका हाताने झटकन निघेल अशी, सगळ्यात वर. तिच्यात औषधं, डॉक्टरांचं पत्र, चष्मा, दागिने, पैसे, बहिणीचा इंग्रजीतला पत्ता आणि फोन नंबर कागदावर, आणि पॉवर बँक. बॅग मागितली तर आधी ही पिशवी काढायची, मगच बॅग द्यायची. हे दोघांना घरीच एकदा करून दाखवा. सांगून लक्षात राहत नाही, हाताने केलं की राहतं. आणि दोघांची औषधं, दोघांचे कागद एकाच बॅगेत ठेवू नका.

पॉवर बँकचं त्यातच सांगतो. ती नेहमी हातातच हवी, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये माणसं ती विझवू शकतात, खाली सामानात आग लागली तर तिथे हात पोहोचत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. वीस हजार एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे अडचण नाही, पण आकडा तिच्यावर छापलेला आणि वाचता येणारा हवा. घासून पुसट झालेली असेल तर नवी घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे, विमानात ती वापरायचीही नाही आणि वरच्या कप्प्यातही ठेवायची नाही. सीटसमोरच्या खिशात किंवा सीटखाली ठेवा.

आईचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. व्हीलचेअर एअरलाइनकडे निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. ती मिळाली म्हणून बॅगेचे नियम सैल होत नाहीत, पण न्यायला माणूस असतो, रांगेत उभं राहावं लागत नाही आणि दुबईत गेट शोधत फिरावं लागत नाही. काठी बरोबर नेता येते.

राहिलं डॅलस. तिथे दोन्ही बॅगांमधलं अन्न बघितलं जातं, हातातलंही आणि चेक-इनचंही. ताजे आंबे नेता येणार नाहीत. भारतातला हापूस अमेरिकेत २००७ पासून जातो, पण विकिरण केलेला (कीड मारायला किरणांचा मारा केलेला) आणि व्यापारी मार्गाने. प्रवाशाच्या पेटीतला नव्हे. ताजा कढीपत्ता नको. तांदूळ नको, उकडाही नाही, कारण धान्यात खापरा नावाचा किडा ज्या देशांत आढळतो त्यांच्या यादीत भारत आहे. सुकं मटण किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ नको. सुके बोंबील, सोडे अमेरिकेच्या कस्टम्सला चालतात, पण मोठ्या बॅगेत, वास बाहेर येणार नाही इतके घट्ट बांधून. घरच्या बाटल्या-पाकिटांपेक्षा दुकानातली लेबल लावलेली पाकिटं तिथे लवकर सुटतात, म्हणून आगळ नेताना गुहागर-रत्नागिरीतल्या एखाद्या चांगल्या उत्पादकाचं सीलबंद घेतलं तर बरं.

सगळ्यात महत्त्वाचं, बरोबर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं की ‘हो’ म्हणायचं. आपली माणसं घाबरून ‘नो, नो’ म्हणतात. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर अधिकारी ती काढून घेतात आणि पुढे सोडतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो. आईला इंग्रजी बोलायला अवघड जात असेल तर बॅगेतल्या सगळ्या पदार्थांची इंग्रजी नावं एका कागदावर ठळक लिहून द्या: कोकम सिरप, वाळवलेल्या आंब्याच्या वड्या, काजू, कुळथाचं पीठ, मसाला, सुकी मासळी. तो कागद पासपोर्टमध्येच ठेवा, अधिकाऱ्याने विचारलं की आई तो त्याच्या हातात देऊ शकेल.